कॅसेट येईपर्यंत

आज सकाळी एसी बंद केला. सांगायला एवढीशी गोष्ट, पण कुवेतमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा, तो ती सणासारखी सांगेल. एप्रिलपासून घरघरणारं ते धूड थांबलं की घर एकदम इतकं शांत होतं की स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय हे तेव्हा कुठे कळतं. मग खिडकी उघडायची. तिच्या खाचेत उन्हाळाभर वाळू साचलेली असते, ती कुरकुरते, आपण दोन शिव्या घालतो, आणि समुद्राकडची हवा आत येते. सप्टेंबरातली चिकट, ओल्या टॉवेलासारखी अंगाला बिलगणारी हवा नव्हे. कोरडी, हलकी, सकाळची हवा. इथले जुने लोक म्हणतात, सुहेलचा तारा दिसला की उन्हाळ्याची कंबर मोडली. मला तो तारा ओळखता येत नाही. आम्ही राहतो त्या सालमियात इमारतींच्या मधून आकाश दिसतं ते हातभर. माझं पंचांग म्हणजे एसीचं बटण.

आणि ते बटण बंद झालं की मला हटकून मोटारींच्या शर्यती आठवतात. हसू नका. मी नाशिकची, माहेरी दोन सायकली आणि एक शिवणयंत्र, एवढीच काय ती चाकं. गाड्या मी आजही रंगावरून ओळखते. पण एके काळी ऑस्ट्रेलियातल्या एका रेसिंग टीमचा सगळा इतिहास मला तोंडपाठ होता. कुठल्या वर्षी कुठल्या वळणावर इंजिन बसलं, कुठल्या वर्षी टायर बदलताना नट हरवला, कोण ड्रायव्हर उतरताना रडला, सगळं. ज्यांची शर्यत होती त्यांना पृथ्वीच्या पाठीवर आमच्याइतके निष्ठावंत प्रेक्षक मिळाले नसतील, आणि त्यांना आमचा पत्ताही नव्हता.

तेव्हा आम्ही महबूल्यात राहत होतो. आज तिथे इमारतीला इमारत चिकटली आहे, पण त्या काळी चार इमारती आणि बाकी वाळू. माझा नवरा सुहास पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. त्याच्याच खात्यात कॉलिन होता, ऑस्ट्रेलियन, आमच्या खालच्याच मजल्यावर एकटा राहायचा. आखाती युद्ध संपल्यावर जळालेले कारखाने उभे करायला जगभरातून जी माणसं आली, त्यांतला हा एक. काम संपल्यावर बाकीचे गेले, हा राहिला. उंच, लालबुंद, हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. तिसऱ्या मजल्यावर परब राहायचे, मालवणकडचे, कॉलिनच्याच हाताखाली फिटर. परबांचं ऐकून ऐकून कॉलिन मला ‘वैनी’ म्हणायला लागला. त्या शब्दाचा अर्थ त्याने कधी विचारला नाही, आणि माझं नाव त्याला शेवटपर्यंत माहीत होतं की नाही याची मला शंका आहे.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरात तो एका रविवारी आमच्या दारात आला आणि म्हणाला, आजपासून मी माझ्या टेलिफोनची वायर काढून ठेवतोय. माझ्या घरच्या कुणी तुमच्याकडे फोन केला तर घ्या, पण काही विचारू नका आणि मला काही सांगू नका. कॅसेट येईपर्यंत. मला वाटलं, गेला हा कामातून. इथल्या उन्हाने असं होतं लोकांचं. सुहासने मग समजावून सांगितलं.

कॉलिनच्या वडिलांची रेसिंग टीम होती. टीम म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसलं काही नाही. म्हातारबुवा एका मेंढपाळांच्या गावात लोकर कातरायची यंत्रं आणि विहिरीचे पंप दुरुस्त करायचे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक जुनी गाडी खोलली, पुन्हा जुळवली आणि शर्यतीला नेली. ट्रॅक्टरसाठी आणलेला पिवळा रंग उरला होता म्हणून गाडी पिवळी. पुढे गाड्या बदलल्या, रंग तोच राहिला. या शर्यतीतल्या गाड्या विमानासारख्या दिसणाऱ्या नसतात. चार दारांच्या, आपण बाजारात जायला वापरतो तसल्याच, निदान बाहेरून तरी. म्हणूनच तिथल्या लोकांना त्यांचं वेड. प्रत्येकाला वाटतं, ही तर माझ्या दारात उभी आहे तीच. आणि ऑक्टोबरात त्यांची सगळ्यात मोठी शर्यत, एका डोंगरावर. गावातल्या साध्या रस्त्याने वर चढायचं, भिंतींमधून वळणं घेत उतरायचं, पुन्हा चढायचं, असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एका गाडीला दोन ड्रायव्हर, आळीपाळीने. कधी मध्येच कांगारू.

कॉलिनची आई सँडविच करायची आणि दुसऱ्या हाताने फेऱ्या मोजायची. बहीण मार्गरेट घड्याळ धरायची. कॉलिनचं खातं गिअरबॉक्सचं. गावातला टायरवाला, रंगवाला, एक बिस्किटवाला, असे कोणी कोणी गाडीवर आपलं नाव लिहून घ्यायचे आणि हातभार लावायचे. एक वर्ष तर असं आलं की ही पिवळी गाडी डोंगरावर भल्याभल्यांच्या पुढे होती आणि सगळ्या देशाने टीव्हीवर म्हातारबुवांना टोपी काढताना पाहिलं. ती टोपी काढण्याची हकिकत कॉलिनने आम्हाला इतक्या वेळा सांगितली की परब ती मालवणीत सांगायचे.

मग नियम बदलले. आठ सिलिंडरच्या मोठ्या गाड्या, त्याही दोनच कंपन्यांच्या, आणि मागे मोठे मोठे पैसेवाले. छोट्या टीमा एकेक करून मिटल्या. कॉलिन वडिलांना म्हणाला, आता पुरे, आपण थांबू. वडील म्हणाले, तुला थांबायचं तर थांब. झालं. एवढ्या दोन वाक्यांवर बापलेक तुटले. आई तोवर गेली होती, नाहीतर तिने दोघांच्या पाठीत धपाटे घातले असते. कॉलिन कुवेतला आला तो परत घरी म्हणून गेला नाही. सुट्टीत थायलंडला जायचा, श्रीलंकेला जायचा, एकदा तर आमच्याबरोबर नाशिकला येऊन माझ्या आईच्या हातची मिसळ खाऊन घाम पुसत बसला. पण घरी नाही.

मात्र दर ऑक्टोबरात वडील त्याला शर्यतीच्या कॅसेटी पाठवायचे. दिवसभराची शर्यत, म्हणून तीन कॅसेटी, वर जाड अक्षरात एक, दोन, तीन. दुसरा शब्द नाही. आणि अट वडिलांनी लहानपणापासून घालून दिलेली. निकाल आधी ऐकायचा नाही. निकाल कळला की माणूस शर्यत बघत नाही, नुसत्या चुका शोधतो. सुरुवातीपासून बघ, आणि मग बोल. शर्यत रविवारी, तो इथे कामाचा दिवस. त्यात पोस्टातल्या कॅसेटी आधी तपासणीला जायच्या. तिथला माणूस सगळी शर्यत आरामात बघून मगच सोडतो असा परबांचा दाट संशय होता. म्हणजे दोन-तीन आठवडे गेलेच. तेवढे दिवस कॉलिन जगाकडे पाठ फिरवून राहायचा. शर्यत बघून झाली की वडिलांना फोन करायचा. तासभर दोघं गिअरबॉक्सवर भांडायचे. वर्षातलं तेवढंच बोलणं. कसा आहेस, जेवलास का, कधी येतोस, यातलं एक अक्षर नाही.

मला राग यायचा त्याचा. दोघांचाही. म्हटलं, ही काय बापलेकांची तऱ्हा? पण कॅसेटी आल्या की मीच पहिली पोहे भिजवायला उठायची.

कॅसेटचा शुक्रवार म्हणजे आमच्या इमारतीतला एक सणच होता. सकाळी पोहे, मग पहिली कॅसेट. दुपारी बाजूच्या मशिदीत खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, सुरू झाला की आवाज बंद करून नुसतं चित्र बघायचं. मग परबवहिनींचं सुरमईचं तिखलं आणि भात, आणि दुसरी कॅसेट. तिसरीपर्यंत पुरुषमंडळी सतरंजीवर आडवी झालेली असायची, पण डोळे टीव्हीवर. एका वर्षी कॅसेटी नेमक्या दसऱ्याला हातात पडल्या. परबांनी सकाळी आपल्या हत्यारांची पूजा केली, खाली जाऊन गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली, आणि येता येता कॅसेटींवरही हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. त्यातला तांदळाचा एक दाणा आमच्या व्हीसीआरमध्ये गेला. शर्यत सुरू होऊन दहा मिनिटांत यंत्र ठप्प. तीन मेंटेनन्सवाले अर्धा दिवस त्या डबड्यात डोकं घालून बसले. कॉलिन म्हणाला, डोंगरावर याहून वाईट झालंय.

मला सगळ्यात जास्त आठवते ती पावसातली शर्यत. आम्ही वाळवंटात बसलेलो, बाहेर ढगाचं नाव नाही, आणि टीव्हीवर धो धो पाऊस. पिवळी गाडी उतारावर घसरली आणि भिंतीवर बाजूने आदळली. मला वाटलं, संपलं. पण ती लंगडत आपल्या माणसांपाशी आली. सात-आठ जण हातोड्या घेऊन तिच्यावर तुटून पडले. पत्रा ठोकला, दार पट्टीने बांधलं आणि पुन्हा पाठवली. कोपऱ्यात टोपीवाले म्हातारबुवा कमरेवर हात ठेवून उभे. बाकीच्या गाड्या केव्हाच कित्येक फेऱ्यांनी पुढे गेल्या होत्या. तरी ती बांधलेल्या दाराची गाडी दर फेरीला समोरून गेली की डोंगरावरचे लोक छत्र्या सोडून उभे राहायचे. परब टाळ्या वाजवत होते. मी काय बघत होते देव जाणे, मला नीट दिसत नव्हतं. कॉलिन उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आला नाही. मोठ्या पैशांपुढे हरणार हे ठाऊक असताना दरवर्षी त्या डोंगरावर जाणं हा हट्ट आहे की वेड, यावर आम्ही कितीदा वाद घातला असेल. मला विचाराल तर ती भक्ती होती, आणि भक्तीला हिशेब विचारू नये.

पुढे इंटरनेट आलं आणि आमच्या गुपिताची पंचाईत झाली. आमची मुक्ता शाळेत होती तेव्हा. तिने कॉम्प्युटरच्या तासाला निकाल शोधून काढला. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पण त्या आठवड्यात ती दोन्ही भाषांत गप्प. ओठ मिटून घरभर फिरायची. लिफ्टमध्ये कॉलिन समोर आला की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तोही बिचारा तिच्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून डोक्यावर वर्तमानपत्र धरायचा. शेजारच्या इजिप्शियन बाईने मला काळजीने विचारलं होतं की या माणसाने तुमच्या मुलीला काही त्रास दिलाय का.

आता त्या वर्षाबद्दल लिहायला हवं. इतका वेळ मी खिडकीतल्या वाळूबद्दल आणि पोह्यांबद्दल लिहितेय ते यासाठीच, की तिकडे वळायला हात धजत नाही.

पण त्याआधी माझ्या दादांचं सांगते. दादा म्हणजे माझे वडील. आम्ही कुवेतला आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी भावाचा नाशिकहून फोन आला. दादांना जरा बरं नाहीये, जमलं तर ये. मी त्याचे शब्द जसेच्या तसे खरे धरले. फाहाहीलच्या बाजारात जाऊन त्यांच्या गुडघ्यांसाठी विजेवर तापणारी शेकायची पिशवी घेतली, चांगली मऊ बघून. घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. मी पिशवी हातात घेऊनच आत गेले आणि सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दादांना जाऊन दोन दिवस झाले होते. भावाचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे लांबच्या माणसाला फोनवर असंच सांगतात. प्रवासात एकटी बाई, रडत येऊ नये म्हणून. सगळ्यांना ठाऊक असतं, मलाच कळलं नाही. तेव्हापासून ‘जरा बरं नाही’ हे शब्द ऐकले की मला दारातला चपलांचा ढीग दिसतो.

तर त्या वर्षी शर्यतीचा रविवार होऊन गेला होता. कॉलिनच्या फोनची वायर निघालेली. कारखान्यात शटडाऊन चालू, म्हणजे वर्षातून एकदा सगळी यंत्रं थांबवून खोलायची ती वेळ, आणि त्या दिवसांत कुणालाही रजा नाही. मंगळवारी दुपारी आमचा फोन वाजला. मार्गरेट होती. आवाज शांत, अगदी बेताचा. म्हणाली, शर्यतीबद्दल नाही, घाबरू नका. वडिलांना जरा बरं नाहीये. जमलं तर कॉलिनने यावं. मी विचारलं, कसे आहेत? ती म्हणाली, आरामात आहेत. आणि तिला घाई होती, तिने फोन ठेवला.

तेच शब्द. अगदी तेच, फक्त इंग्रजीत. सात समुद्रांपलीकडून, एवढा महागाचा फोन करून कोणी ‘जरा बरं नाही’ सांगतं का? आणि ‘आरामात आहेत’ म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको होतं. मी सुहासला कारखान्यात फोन लावला. तो एरवी एका गोष्टीवर चार प्रश्न विचारणारा माणूस. त्याने एकच विचारला, गेले का? मी म्हटलं, हो.

पुढे सगळं आपोआप झालं. आपली माणसं परदेशात एरवी गणपतीच्या वर्गणीवरून भांडतील, पण मयताला एक होतात. सुहास थेट मॅनेजरकडे गेला. अबू फहद नावाचे वयस्क कुवेती गृहस्थ, शटडाऊनमध्ये स्वतःच्या मुलालाही रजा न देणारे. वडील गेले म्हटल्यावर त्यांनी एक प्रश्नही न विचारता रजेवर सही केली आणि मंदूबला, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाला, हाताशी दिलं. ट्रॅव्हलवाल्याने सिंगापूरवरून जाणारं रात्रीचं विमान शोधलं. इकडे परबवहिनींनी पिठलं-भात करून आणला, कारण सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, आणि कॉलिनला दुसरं घर होतं कुठे? मी टीव्हीवर चादर टाकली. मजल्या-मजल्यावरच्या बायका येऊन भिंतीशी गुपचूप बसल्या.

कॉलिनला परब कंपनीच्या पिकअपमधून घेऊन आले. सांगायचं काम माझ्यावर सोडलेलं, म्हणून परब वाटभर एक शब्द बोलले नाहीत, नुसते डोळे पुसत होते. कॉलिनने दारातल्या चपला पाहिल्या, बायका पाहिल्या, झाकलेला टीव्ही पाहिला. बूट काढले, माझ्याजवळ आला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, वैनी, मला फार वाईट वाटतंय. कोण गेलं?

काय सांगू, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. सांत्वन करायला आलेला माणूस तोच, आणि सांत्वन करायचं तेही त्याचंच. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मार्गरेटचा फोन सांगितला.

त्याने मला तिचे शब्द जसेच्या तसे दोनदा म्हणायला लावले. मग एकदम सैल झाला. म्हणाला, अहो, बरं नाही म्हणजे बरं नाही. मेले असते तर तिने मेले म्हटलं असतं. आम्ही तसंच म्हणतो. त्याने शटडाऊनचं गणित मांडलं. महिनाभरात काम आटपेल, तोवर कॅसेटही येईल, ती बघून तो नेहमीप्रमाणे फोन करणार आणि मग नाताळात जमलं तर बघणार. ताटातल्या पिठल्याकडे बघून त्याने विचारलंसुद्धा, आज मासे नाहीत? परबवहिनींनी पदर तोंडाला लावला. तरी तो उठला आणि माझ्या फोनवरून मार्गरेटच्या घरचा नंबर फिरवला. तिकडे मध्यरात्र उलटत आलेली. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. त्याने पुन्हा फिरवला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. त्या माना बघून तो पहिल्यांदा घाबरला.

मग मी त्याला ती शेकायची पिशवी दाखवली. अजून होती माझ्याकडे, तिची वायरही सोडवलेली नव्हती. सगळं सांगितलं. आणि शेवटी जे म्हटलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. “कॉलिन, मी चुकले असेन तर तुझ्या बापापुढे जाऊन मला हस. पण मी बरोबर असेन तर निदान मातीला तरी पोच. कॅसेटची वाट बघू नकोस.”

त्याने पिशवी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, गेल्या ऑक्टोबरनंतर आमचं बोलणं नाही. आणि तेव्हाही आम्ही तिसऱ्या गिअरवरच बोललो. मग खाली जाऊन त्याने बॅग भरली. विमानतळावर तो सुहासला म्हणाला, आणि म्हातारा जिवंत निघाला तर मी मूर्ख ठरेन. सुहास म्हणाला, ठर की. आम्ही सगळे ठरू.

आणि ठरलोच. चौथ्या दिवशी कॉलिनचा फोन आला. वडील जिवंत होते. गावातल्या इस्पितळात, छातीत पाणी झालेलं, पण शुद्धीवर, आणि कुवेतमध्ये आपलं सुतक पाळलं हे ऐकून खोकला येईपर्यंत हसलेले. पिठलं म्हणजे काय हे त्यांनी दोनदा विचारलं. मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. सुहास म्हणाला, सुतावरून स्वर्ग गाठलास, तोही दुसऱ्याला पाठवून. परबवहिनी तर तीन दिवस गच्चीत कपडे वाळत घालायला आल्या नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे सुहासला अबू फहदांना जाऊन सांगावं लागलं की साहेब, ज्यांच्यासाठी तुम्ही सही केलीत ते गृहस्थ मेलेले नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला. म्हणाले, माणूस मेला नाही हे सांगायला कसली आलीय लाज? लोक उलटी बातमी घेऊन येतात.

खरी गोष्ट आम्हाला नंतर कळली, तुकड्यातुकड्याने. म्हातारबुवांनी टीम विकली होती. गाडी, ट्रक, शर्यतीत उतरण्याचा हक्क, सगळं. त्या वर्षीची शर्यत पिवळ्या गाडीची शेवटची. आणि शर्यत सुरू होण्याआधीच सकाळी त्यांना डोंगरावरून उचलून इस्पितळात न्यावं लागलं. म्हणजे आपल्या शेवटच्या शर्यतीचा निकाल त्यांनाच ठाऊक नव्हता. मार्गरेट सांगायला गेली तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. कॉलिन येऊ दे, म्हणाले. दोघं मिळून बघू. डॉक्टर, नर्सा, गावातले भेटायला येणारे, सगळ्यांना तंबी. अख्ख्या इस्पितळात कुणी शर्यतीचं नाव काढत नव्हतं. आणि हे मार्गरेट फोनवर सांगणार कसं? म्हटलं असतं की वडील तुझी वाट बघत आहेत, तर ते ऐकून तरी कॉलिन निघाला असता. पण त्या घरात असली वाक्यं बोलायची कुणाला सवयच नव्हती. तिने तिच्या परीने सगळ्यात मोठा शब्द वापरला होता. जमलं तर.

बापलेकांनी ती शर्यत खोलीतल्या टीव्हीवर रोज थोडी थोडी बघितली, कारण म्हातारबुवा लगेच दमायचे. शेवटच्या तासाला गाडी एका गिअरमध्ये अडकली. त्यावरून दोघांचं असं जुंपलं की नर्सने येऊन दार लावून घेतलं आणि कॉलिनला दम दिला. म्हाताऱ्यांनी नर्सला सांगितलं, याला ओरडू नका, हा माझा गिअरबॉक्सवाला आहे. कॉलिन म्हणाला, माझ्याबद्दल ते इतकं चांगलं आयुष्यात कधी बोलले नव्हते.

गाडी पोचली. मागून दुसरी, पण पोचली.

त्यानंतर कॉलिन कुवेतला आला नाही. शेड आवरायला राहिला, मग तिथेच राहिला. आम्ही सालमियात आलो. परब गावी गेले. मुक्ता आता कामावरून आली की मला मोबाइलवर कुठलीही शर्यत, कुठल्याही वर्षाची, हवी तेव्हा काढून दाखवते, आणि निकाल वरच मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो. मी बघते थोडी. मन लागत नाही. एखादी गोष्ट कळण्याआधी इतके दिवस थांबायचं, आणि थांबताना एकमेकांना सांभाळायचं, हे आता कुणाला सांगून पटणार नाही. मलाच कधी कधी पटत नाही.

त्या हिवाळ्यातल्या कॉलिनच्या शेवटच्या फोनबद्दल मात्र सांगायला हवं. खिडक्या उघड्या होत्या, मी पोळ्या करत होते. त्याने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाला, “वैनी, वडील मेले. काल सकाळी. मी जवळ होतो.” त्यांच्या पद्धतीने, सरळ. मी काहीतरी पुटपुटले असेन, की त्या दिवशी आम्ही केवढा घोळ घातला, मॅनेजरपर्यंत खोटं गेलं, माफ कर.

तो म्हणाला, “तुम्ही त्यांना मेलेलं समजलात, म्हणून मला ते जिवंत भेटले.”

तव्यावरची पोळी करपली. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहून रडले, कॉलिनच्या बापासाठी आणि माझ्याही.